उजनीत सकर मासा वाढलाय, जाळी फाटतायत. काय करता येईल?

फुगवट्याकाठी

नमस्कार मंडळी.

आमचं घर करमाळा तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याला लागून. मी नोकरीमुळं सोलापुरात असतो, थोरला भाऊ मात्र पाण्यावरच आहे. आजोबांची नदीकाठची काळी जमीन धरणात गेली, वडिलांनी होडी घेतली, आणि आम्हा भावंडांच्या शाळेच्या फिया चिलापी (तिलापिया) माशावर भरल्या गेल्या. त्यामुळं हा प्रश्न घरचा समजून विचारतोय.

भाऊ दिवस मावळायच्या आत तंगूस (नायलॉनच्या बारीक धाग्याची) जाळी सोडतो आणि पहाटे उचलतो. येणारा माल म्हणजे मुख्यतः चिलापी. तिच्या जोडीला कधी रोहू-कटला, कधी वाम, नशीब जोरावर असलं तर एखादी मरळ. अलीकडं मात्र जाळं जड लागलं की तो खूश होत नाही, कपाळाला हात लावतो. खाली हेलिकॉप्टर लागलेला असतो, म्हणजे सकर; आमच्याकडं त्याला हेच म्हणतात. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: वीतभरापासून हातभर लांब, काळपट-पिवळी नक्षी, तोंड पोटाच्या बाजूला, खवले नाहीतच, सगळं अंग टणक पाट्यांचं. पुण्या-मुंबईत टाकीची काच चाटत बसतो तोच हा सकर.

एक हेलिकॉप्टर सोडवायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात पाटीभर चिलापी निघते. पराचे काटे तंगसात असे गुंततात की शेवटी ब्लेड लावावं लागतं. वहिनीची दुपार जाळी सांधण्यात जाते आणि तरी नवं जाळं घ्यायची पाळी लवकर येते. भिगवणला न्यावा तर आडतीवर कोणी हात लावत नाही. काठावर टाकला तर कुत्रीसुद्धा हुंगून पुढं जातात.

वस्तीवर दोन मतं आहेत. जुनी माणसं म्हणतात, खायचा नाही तर मारायचा कशाला, जीव आहे, सोडून द्या पाण्यात. पोरं म्हणतात, दिसला की ठेचा. परवा एकानं पाण्यात औषध टाकायची गोष्ट काढली. ते ऐकून घाबरलो आणि इथं लिहायला बसलो.

जाणकारांनी सांगा, मारायचा की सोडायचा? हा चिलापी खातो का, तिची अंडी खातो का? आपण खाल्ला तर चालतो का? आणि मुख्य म्हणजे एकदा शिरलेला हा मासा कधी जातो का? बरं वाटावं म्हणून काही सांगू नका, खरं असेल ते सांगा.

होडीवाला_इंदापूर

पाहुणं, रामराम. आमी पलीकडच्या काठाचं. तुमच्या भावाला सांगा, सोडायचा न्हाई. आज सोडला तर उद्या त्योच परत जाळ्यात येतो आन् वर पोरंबाळं घिऊन येतो.

आता काढायचं कसं ते सांगतो. समदी जण शेपटीला धरून मागं ओढत्यात. तितंच जाळं फाटतं. त्येचं काटं मागच्या बाजूला वळल्यालं असत्यात, मागं ओढला की काटा उभा राहून आणखीन गुततो. डोक्याकडनं पुढं ढकलायचा, जसा आत शिरला तसाच पुढनं बाहेर काढायचा. हातात जाड मोजं पायजेत, नुसत्या हातानं नको. काटा लागला तर जखम लई दिवस ठणकती.

दुसरं, हेलिकॉप्टर तळाचा मासा हाय. जाळ्याची खालची दोरी पार तळाला टेकवली तर त्यो लागणारच. आमी काही जणांनी जाळं तळापासनं दीड-दोन हात वर उचलून लावाय सुरुवात केली. हेलिकॉप्टर कमी झालं. पण वाम बी कमी झाली, खोटं कशाला बोलू. ज्येला चिलापीच पायजे त्येनं वर उचलावं, ज्येला वाम पायजे त्येनं हेलिकॉप्टर सोसावा.

काठावर नुसता टाकू नका. मेला आसं वाटतं, तासाभरानं बघावं तर सरपटत पाण्याकडं निघाल्याला असतो. बाकीचं शिकल्याली माणसं सांगतील.

गोड्यापाण्याचा_मास्तर

मी मत्स्यशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडं लांबण लावणार. चहा घेऊन बसा.

आधी ओळख. हा दक्षिण अमेरिकेतला, अ‍ॅमेझॉन आणि ओरिनोकोच्या खोऱ्यांतला मासा. गटाचं शास्त्रीय नाव टेरिगोप्लिक्थिस. पाठीवरचा पर उघडून त्यातले किरण मोजा. दहा किंवा त्याहून जास्त भरले तर हाच गट. पोट पांढऱ्यावर काळ्या ठिपक्यांचं असेल तर बहुधा एक जात, नागमोडी रेघांचं असेल तर बहुधा दुसरी. ‘बहुधा’ म्हणतो, कारण दोन्ही जातींचा एकमेकींशी संकर होतो आणि भल्याभल्यांना त्यात ठाम सांगता येत नाही. तुमच्या भावाला या भानगडीत पडायची गरज नाही. फोटो मात्र पाठीचा आणि पोटाचा असे दोन काढून ठेवावेत.

होडीवाले म्हणतात तो मेलेला मासा चालू लागतो, यात चमत्कार नाही. याच्या जठराला रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. वर येऊन हवेचा घोट गिळायचा आणि पोटातच प्राणवायू शोषून घ्यायचा, अशी त्याची सोय आहे. म्हणून ओलसर जागेत तो पाण्याबाहेर तासन् तास टिकतो. म्हणूनच उजनी त्याला मानवते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून तुमच्या दारात येतं. पाणी हिरवं होतं, शेवाळ माजतं, खालचा प्राणवायू घटतो. कानस, गुगळी यांच्यासारख्या जुन्या माशांची त्यात घुसमट होते. सकर हवेवर निभावतो आणि खायला समोर शेवाळ व गाळाचा डोंगर. उजनीच्या घाणीनं त्याला घर बांधून दिलंय, असं मी वर्गात म्हणतो.

आता तुमचे प्रश्न. तो चिलापी धरून खात नाही, शिकारी नाही. शेवाळ, कुजकट गाळ, त्यातले किडे खरवडून खातो. खरवडता खरवडता तळाला घातलेली अंडीही पोटात जातात. पण चिलापीची मादी अंडी तोंडात घेऊन फिरते, पिल्लंही संकटात आईच्या तोंडात शिरतात, त्यामुळे त्या बाबतीत ती सुरक्षित. ज्या देशी माशांची अंडी तळाला, दगडाला चिकटलेली असतात त्यांना धोका जास्त. चिलापीला खरा त्रास दोन गोष्टींचा. ती तळाला खड्डा करून घरटं घालते आणि तिथं हे दांडगे पाहुणे फिरत राहतात. शिवाय शेवाळ आणि गाळ हे तिचंही अन्न आहे. ताट एकच, जेवणारे दोघे.

हे कुठपर्यंत जाऊ शकतं याचं उदाहरण मेक्सिकोत आहे. बाल्सास नदीवर एल इन्फिएर्निलो नावाचं मोठं धरण 1960 च्या दशकात झालं. तिथंही चिलापी सोडली, तिथंही ती तुफान वाढली आणि तो जलाशय त्या देशातल्या सर्वांत मोठ्या गोड्या पाण्याच्या मासेमारीतला एक झाला. मग सकर शिरला. काही वर्षांत कोळ्यांच्या जाळ्यात चिलापी घटली आणि पकडीचा मोठा हिस्सा सकरचा झाला. तिथले लोक त्याला सैतान मासा म्हणतात. धरण, सोडलेली चिलापी, तिच्यावर जगणारी गावं आणि वरून आलेला सकर, ही सगळी मांडणी तुमच्यासारखीच आहे. म्हणून मी दरवर्षी हे उदाहरण फळ्यावर काढतो आणि बाजूला उजनी लिहितो.

इथं एक कडू गोष्ट बोलतो, राग मानू नका. चिलापीसुद्धा इथली नाही. आफ्रिकेतला मासा, 1952 साली बँकॉकहून भारतात आणला. सात वर्षांत, 1959 मध्ये, तज्ज्ञ समितीनं त्याचा प्रसार थांबवा म्हणून सांगितलं, पण तोवर तो सुटला होता. सिप्रनस (कॉमन कार्प) हाही बाहेरचा. अहो, रोहू-कटला-मृगळ हेदेखील मुळात गंगेच्या खोऱ्यातले, आपण बोटुकली आणून सोडली. ‘परका तो वाईट’ हे सूत्र लावलं तर भिगवणचा बाजार उद्या बंद करावा लागेल. मला ते मान्य नाही. मी एवढंच पाहतो की या माशानं काय बुडतं आणि कोणाचं बुडतं. सकरनं कोळ्याचं जाळं बुडतं, वेळ बुडतो आणि बदल्यात हाती काही येत नाही. चिलापीनं देशी मासा मागे सारला हे खरं, पण तिनं तुमच्या फिया भरल्या हेही खरं.

खाण्याबद्दल. विषारी नाही. ब्राझीलमध्ये कास्कुदो म्हणून चवीनं खातात. पण डोकं आणि पाट्याच एवढ्या की मांस हाताला थोडं लागतं. आणि हा गाळ खाणारा मासा. शहरांच्या आणि कारखान्यांच्या खालच्या अंगाला जे जड धातू गाळात बसतात ते त्याच्या अंगात उतरू शकतात. तपासणी झाल्याशिवाय रोजच्या जेवणात, विशेषतः मुलांच्या ताटात, मी तरी तो वाढणार नाही.

मारायचा कसा? डोक्यावर, डोळ्यांच्या किंचित मागे, एक जोरदार घाव. उन्हात तडफडत ठेवणं हा जुन्या माणसांना न पटणारा भाग आहे आणि त्यांचं बरोबर आहे. जीव लवकर गेला पाहिजे. मग पाण्याच्या रेषेपासून लांब, हातभर खोल खड्ड्यात शेण आणि उसाच्या पाचटासोबत पुरा. उघड्यावर टाकू नका. काटे अनवाणी पायात जातात आणि पक्ष्यांच्या घशात अडकतात. प्वेर्तो रिकोमध्ये पेलिकन असे गुदमरून मेल्याची नोंद आहे. आपल्याकडं कुंभारगावला चित्रबलाक आणि बगळे किती येतात ते तुम्हीच पाहता.

औषधाचा विचार डोक्यातून काढून टाका. माशांचं विष लहान तळ्यात, तज्ज्ञांच्या देखरेखीत वापरतात आणि तेव्हाही ते सगळेच मासे मारतं. उजनी म्हणजे 117 टीएमसी. याच पाण्यावर सोलापूर शहर पितं, खाली पंढरपूर पितं. तुम्ही स्वतः सोलापुरात नळाला तेच पाणी भरता.

शेवटचा प्रश्न: जातो का? नाही. एवढ्या मोठ्या जलाशयातून तो पूर्ण घालवता आल्याचं उदाहरण माझ्या माहितीत नाही. कमी ठेवता येतो. खरं सांगा म्हणालात म्हणून सांगितलं.

काचपेटी_पुणे

मास्तरांनी वरून येतं म्हटलंय ते ‘वर’ म्हणजे आम्ही, तर आमच्या बाजूनं लिहितो. मी बऱ्याच वर्षांपासून घरी मासे पाळतो, ओळखीच्या दुकानांत उठबस आहे.

दुकानात सकर दोन-अडीच इंचाचा असतो. टाकी घेणाऱ्याला हमखास सांगतात, ‘एक सकर टाका, काच साफ ठेवतो.’ स्वस्त असतो, लोक दोन घेतात. लहानपणी तो काच चाटतो हे खरं. मोठा झाला की चाटणं कमी आणि घाण जास्त. दोन फुटी टाकीत दीड फुटी मासा काय करणार? रात्री जागा होतो, झाडं उपटतो, दगड पाडतो. आणि मरत नाही. बाकीचे नाजूक मासे वीज गेली, फिल्टर बंद पडला की जातात, हा राहतो. मग घर बदलताना किंवा मुलांची हौस फिटली की बादली घेऊन माणसं पाषाण तलावावर, कात्रजला, नाहीतर सरळ मुठेच्या पुलावर जातात. त्यांच्या मनात वाईट काही नसतं. उलट आपण जीव वाचवला, मोकळं केलं, असं समाधान घेऊन घरी येतात. तुमच्या वस्तीवरच्या जुन्या माणसांचा आणि पुण्यातल्या या मंडळींचा विचार एकच आहे बघा.

पाषाणचं पाणी राम नदीतून मुळेत, मुठा संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, भीमा उजनीला. मासा सोडणाऱ्याला हा नकाशा माहीत नसतो.

आमच्या गटात आम्ही एक गोष्ट चालू केली. कोणाला सकर किंवा तो लाल कानपट्टीचा परदेशी कासव नको असेल तर गटात टाकायचं, मोठी टाकी असलेला कोणी ना कोणी घेतो. काही दुकानदारही परत घेतात, पैसे देत नाहीत एवढंच. कोणीच घेत नसेल तर लवंगेच्या तेलानं शांतपणे मारायची पद्धत आहे, पशुवैद्याला विचारून करावी. लोकांना ही शेवटची गोष्ट क्रूर वाटते. तुमच्या वहिनी रोज जाळी सांधतात हे वाचल्यावर मला तरी वाटत नाही.

काच साफ करायची तर चुंबकाचा ब्रश मिळतो. तो वाढत नाही आणि पुलावरून टाकावाही लागत नाही. दुकानदारांनी टाकीवर भावाच्या शेजारी ‘पूर्ण वाढ दीड फूट’ एवढं लिहिलं तरी निम्मे गिऱ्हाईक हात आखडतील. बंदीपेक्षा मला हे जास्त कामाचं वाटतं. थाई मांगूर या परदेशी मांसाहारी माशावर 2000 सालापासून बंदी आहे, तरी शेततळ्यांतून चोरून वाढवतात हे इंदापूरकरांना मी सांगायला नको.

रंकाळ्याकाठचा

मासे नव्हे, पण पाहुणे तसलेच. आमच्याकडं केंदाळ. तुम्ही जलपर्णी म्हणता.

तीही अ‍ॅमेझॉनचीच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगालमध्ये शोभेचं झाड म्हणून आणली, निळी-जांभळी फुलं बघून. पुढं भातशेती आणि होड्यांचे मार्ग असे बंद झाले की 1936 साली तिथं केंदाळाविरुद्ध कायदाच करावा लागला. आजही शोभेच्या टाकीतून आणि कुंडीतून नवीन काही ना काही येतच आहे, म्हणजे आपण शिकलो काय?

मी तळ्याकाठी राहतो म्हणून एक गोष्ट पुन्हापुन्हा बघतो. केंदाळ माजलं की आरडाओरडा होतो, मशीन येतं, फोटो निघतात, पाणी उघडं दिसतं. काढलेला ढीग काठावरच टाकलेला असतो. पहिल्या मोठ्या पावसात त्यातलं निम्मं परत आत. एक तुकडा राहिला तरी पुरतो. बी तर गाळात वर्षानुवर्षं जिवंत पडून राहतं. आणि नाल्यातून येणारं मैलापाणी तसंच चालू, म्हणजे खत रोज मिळतंय. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

केंदाळ खाणारे भुंगे आहेत, दक्षिण अमेरिकेतूनच आणलेले. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला बंगळूरच्या संशोधकांनी तपासणी करून ते आपल्याकडं सोडले आणि काही तळ्यांत त्यांनी चांगलं काम केलं. पण त्यांना वेळ द्यावा लागतो. आपल्याला पुढच्या सणाच्या आत तळं स्वच्छ पाहिजे असतं. भुंगे कामाला लागेपर्यंत मशीन येऊन भुंग्यांसकट केंदाळ उचलून नेतं. सकर खाणारं असं काही आहे का, मास्तर?

फुगवट्याकाठी

सगळ्यांचे आभार. मास्तर, चिलापीबद्दलचं भावाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘बाहेरची असंल, पण आता घरातली झाली.’ राग आला नाही, हसला.

पहिल्या पुरात पुण्याकडून जलपर्णीचे तराफेच्या तराफे येतात, ते जाळ्यावर चढले की जाळं ओढून नेतात. त्यामुळं रंकाळावाल्यांचं पटलं.

एक विचारायचं राहिलं. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं (वापरायचं पाणी संपून मृतसाठाच उरला) आणि धरणात बुडालेलं पळसदेवचं देऊळ उघडं पडायच्या सुमाराला पाणी मागं हटतं, तेव्हा आमच्या काठाला ओळीनं बिळं दिसतात. हात जाईल एवढी, आडवी, आत वळलेली. आम्ही खेकड्याची समजायचो. पण खेकड्यासाठी फार मोठी वाटतात. शेतकऱ्यांनी मोटारीला पाणी आणायला ज्या चाऱ्या खोदलेल्या असतात त्यांच्या भिंतींनाही आहेत आणि तिथली माती ढासळते. हा त्याचाच उद्योग का?

गोड्यापाण्याचा_मास्तर

वर्णनावरून त्याचाच वाटतो. नर मऊ चिकणमातीच्या काठात बीळ खोदतो. ते आडवं, किंचित खाली उतरणारं, मीटरभर खोलही असू शकतं. मादी आत शेकड्यांनी अंडी घालते आणि नर तिथंच राखण करत बसतो. एकाशेजारी एक बिळं पडली की काठ पोकळ होतो आणि ढासळतो. मेक्सिकोत आणि फ्लोरिडातही हीच तक्रार आहे. चाऱ्यांची ताजी कापलेली माती म्हणजे त्याला आयतीच सोय. शेतकऱ्यांना हे सांगा, कारण आतापर्यंत ही फक्त कोळ्यांची डोकेदुखी समजली जातेय. मोटारीवाला माणूस ओरडला की दखल लवकर घेतात, हा माझा अनुभव.

तुम्ही न विचारता संधी दाखवलीत. पाणी हटलेलं असतं तेव्हा बिळं उघडी, आत ओल, आणि ओलीत नर अडकून जिवंत असतो. हात घालू नका, साप असू शकतो. फावड्यानं बीळ फोडायचं, मासा काढायचा, अंड्यांचा पिवळा गोळा दिसला तर तोही उन्हात टाकायचा आणि माती दाबून भरायची. भर पाण्यात जाळ्यानं धरलेल्या माशांपेक्षा बिळातला अंड्यांवरचा एक नर मारणं जास्त मोलाचं, कारण त्याच्याबरोबर पुढची पिढी जाते. पाणी वर आलं की हा मार्ग बंद.

रंकाळावाले, भुंग्यासारखं काही नाही. पण पाट्या आणि काटे कडक व्हायच्या आधी लहान सकर हा मरळ, शिंगटा असल्या मोठ्या शिकारी माशांचा घास होऊ शकतो. म्हणून उजनीतली मरळ वाचवणं हाही सकरवरचाच उपाय. आता मरळ कोण संपवतंय हे काठावरच्या लोकांनीच बोलावं.

आणखी एक. कुठल्या पाण्यात तो पोचलाय हे जाळं न टाकताही कळतं. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणू जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेनं पाण्याच्या नमुन्यातल्या डीएनएवरून हाच मासा ओळखायची चाचणी तयार केली आणि पूर्व घाटातल्या जलाशयांत वापरली. आपल्याकडं भीमेच्या वरच्या अंगाला, पुण्यापासून दौंडपर्यंत, असे नमुने घेतले तर नवीन मासा कुठून उतरतो ते कळेल. एखाद्या विद्यार्थ्याला विषय हवा असेल तर हा घ्यावा. तोवर भावाला म्हणावं, वहीत तारीख, जाळं कुठं होतं आणि एकूण मालात सकर किती एवढं लिहीत जा. कागदावर आकडा असल्याशिवाय दारात कोणी उभं करत नाही.

होडीवाला_इंदापूर

मास्तर, बोलतो की. मरळ संपवली वडापानं. मच्छरदाणीवानी बारीक जाळं, काठाला लावून ओढायचं, बोटाएवढं पिल्लू बी सुटत न्हाई. बंदी हाय, पर रातीला चालतंच. त्यात शिंगटा गेला, मरळ गेली, सोडल्याली बोटुकली बी गेली. हेलिकॉप्टरचं पिल्लू तेवढं त्ये लोक वेचून परत पाण्यात फेकत्यात, वाळवून इकाय उपयोग न्हाई म्हणून! म्हंजी खाणारा न्यायचा आन् ह्येला ठिवायचा. पुण्यावाल्यांना आपण शिव्या देतो, देयाच पायजेत, पर आपली बी माणसं काय कमी न्हाईत.

आमच्या सोसायटीत मी ह्यो इषय मांडणार. परत्येक होडीत एक पाटी हेलिकॉप्टरसाठी येगळी ठेवायची. उतरायच्या जागी एकच खड्डा. परत सोडताना कुणी दिसला तर चहा त्येच्याकडनं.

काचपेटी_पुणे

होडीवाले काका, त्या पाटीचा फोटो जमला तर इथं टाका. मला तो दुकानात टाकीच्या वर चिकटवायचाय, त्याच दीड फुटाच्या ओळीखाली. लोकांना हा मासा मोठा झालेला दिसतच नाही, बादलीतून गेला की विषय संपतो.

फुगवट्याकाठी

फोटो भावाकडून मागवतो, आमच्याकडं रोज एक पाटी भरतेच.

आमच्या वस्तीवर काल बैठक झाली. औषधाचा विषय सोलापूरच्या नळावरच संपला, निम्म्यांच्या मुली तिकडंच दिल्यात. जुन्या माणसांना एका घावात मारायचं पटलं, त्यांनी एवढंच म्हटलं की पोरांनी त्याचा खेळ करायचा नाही. बिळांचं काम पाणी हटल्यावर. मोटारीवाल्या तिघांनी फावडी घेऊन यायचं कबूल केलंय, त्यांच्या चाऱ्या ढासळल्यात म्हणूनच.

खड्ड्याचं मात्र अडलंय. आधी वास येईल म्हणून कोणी आपल्या रानात खड्डा काढू देईना. मास्तरांचं शेण-पाचटाचं वाचून दाखवलं, तर आता खत होणार म्हणून दोघं आपापल्या उसाच्या बांधाला मागतायत. ते भांडण मिटलं की कळवतो.